एकास पंचवीस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपल्या शाळेत ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे शिकलो. ते मराठी शिकवीत नसत, गणितही शिकवीत नसत. त्यांचा विषय हस्तव्यवसाय. वेळापत्रकात त्याला आठवड्यातून दोन तास मिळत आणि परीक्षा जवळ आली की तेही दुसऱ्या विषयांना दिले जात. अशा शिक्षकाच्या नावाने माजी विद्यार्थ्यांनी व्याख्यानमाला सुरू करावी, यातच त्या माणसाचे मोठेपण आले. तिचे एक पुष्प गुंफण्याचा मान मला दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

मुख्याध्यापकांनी दूरध्वनीवरून विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा काय असावी, याची मला कल्पना होती. मी आयुष्यभर महानुभाव गद्य शिकवले, पाठचिकित्सा हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय. बेळगावात बोलायचे म्हटल्यावर सीमाभागातील मराठीविषयी बोलणेही ओघाने येतेच. या दोन्ही विषयांवर मी पूर्वी पुष्कळ बोललो आहे आणि श्रोत्यांनी ते सहनही केले आहे. आज मात्र मी टिपणे आणलेली नाहीत. टेबलावर हा जो पुठ्ठ्याचा खोका ठेवला आहे, त्यात आजचे व्याख्यान आहे. (खोका उघडून) ही एक लहान मालमोटार आहे. आजच्या भाषेत पिकअप, आमच्या लहानपणीच्या भाषेत लहान लॉरी. लांबी वीतभर, उंची चार बोटे. ही करायला मला चौदा महिने लागले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा घरच्यांनी हसून सोडून दिले, आणि पंचाहत्तराव्या वर्षी पूर्ण झाली तेव्हा कोणी हसले नाही. असे का झाले, ते सांगण्यासाठी आज उभा आहे.

*

आरंभी या वस्तूचे शास्त्र थोडक्यात सांगतो. हे खेळणे नाही. हिला प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. हिचे प्रमाण एकास पंचवीस, म्हणजे मूळ वाहनाचे प्रत्येक माप पंचविसाने भागायचे. खेळणे करणारा चाक जरा मोठे आणि टप जरा बुटका करतो, कारण मुलाला तसे आवडते. प्रतिकृती करणाऱ्याला तेवढीही मोकळीक नाही.

या प्रमाणात एक गंमत दडलेली आहे, ती विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला पंचविसाने भागले की जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर येतो. म्हणजे खऱ्या गाडीवरचा इंच माझ्या टेबलावर मिलिमीटर होतो. सुताराने इंचात सांगितलेले माप शाळकरी पट्टीवर मिलिमीटरमध्ये घ्यायचे, की काम झाले. सुताराची आणि शाळेची भाषा इतकी सहज जुळलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

परंतु सगळ्याच गोष्टी पंचविसाने भागल्या जात नाहीत. लांबी पंचवीस पट कमी झाली तर पृष्ठभाग सहाशे पंचवीस पट कमी होतो आणि घनफळ पंधरा हजार सहाशे पंचवीस पट. आकार बदलला की बळ आणि वजन यांचा मेळ बदलतो, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडून ठेवले आहे. प्रतिकृतीकाराला तो नियम रोज आडवा येतो. रंगाचा थर लहान करता येत नाही, लाकडाचे रेषे लहान करता येत नाहीत. आणि धूळ तर मुळीच लहान करता येत नाही. रस्त्यावरची चिमूटभर माती या गाडीवर टाकली, तर ती माती न दिसता दगडगोटे दिसतात. म्हणून मी गेरू वस्त्रगाळ करून मऊ ब्रशाने लावला. आंबोलीच्या वाटेवरची तांबडी धूळ तुम्हांला या चाकांवर दिसते आहे, ती तुळशीवृंदावनासाठी आणलेल्या गेरूची आहे.

हा छंद मुख्यतः अमेरिकेत फोफावला. १९३० साली जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने तिकडच्या मुलांसाठी एक कारागिरीची स्पर्धा सुरू केली. आरंभी मुलांनी नेपोलियनच्या काळच्या घोडागाडीची प्रतिकृती करायची असे, पुढे बाराव्या हिश्श्याची, स्वतः कल्पिलेली मोटार करायची. यश मिळवणाऱ्यांना विद्यापीठीय शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली आणि तिच्यातून आलेले कित्येक तरुण पुढे मोटारींचे आकार घडवणारे झाले. हस्तव्यवसायाच्या तासाकडे एका बलाढ्य उद्योगाने किती गांभीर्याने पाहिले, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आले. मिशिगन राज्यात १९४८ साली निघालेली एएमटी ही कंपनी प्रथम मोटारविक्रेत्यांच्या दुकानांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करीत असे. १९५८ पासून तिने सुट्या भागांचे संच विकायला काढले. एका खोक्यातून तीन प्रकारे गाडी करता येई. कारखान्यातून निघाली तशी, शर्यतीची, किंवा तिसरी, ज्याला ते लोक कस्टम म्हणतात, म्हणजे करणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बदललेली. या बदलांचीही तिकडे एक परंपरा आहे. टप कापून बुटका करतात, सांगाडा जमिनीलगत बसवतात, इंजिन दुसऱ्या गाडीचे घालतात. जॉर्ज बॅरिस यांच्या कारखान्यात १९२९ सालच्या फोर्ड पिकअपवरून घडवलेली अला कार्ट नावाची गाडी १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे ओकलंडच्या प्रदर्शनात सर्वांत सुंदर गाडीचा मान घेऊन गेली, आणि मग तिचाही संच एएमटीने काढला. भाजी, कोंबड्या आणि गवताचे भारे वाहण्यासाठी जन्मलेले वाहन सौंदर्यस्पर्धेत उतरले. मूळ गाडी, तिचा बदललेला अवतार, आणि त्या अवताराची प्रतिकृती, असा हा तिहेरी प्रवास आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर मूळ ग्रंथ, त्यावरची टीका आणि टीकेवरची टिप्पणी.

*

माझी नात अमेरिकेत शिकते. सुटीत येताना तिने माझ्यासाठी हा संच आणला. एएमटीचाच, १९५० सालच्या शेव्हरोलेट पिकअपचा. तिने तो का निवडला, हे विचारले तर म्हणाली, "आजोबा, मोठ्या आत्याआजीच्या अल्बममधल्या गाडीचं नाक असंच आहे."

त्या अल्बममध्ये एकच छायाचित्र आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, लग्नातले. मांडवाच्या कडेला एका गाडीचे नाक आणि एक दिवा आला आहे, बाकी गाडी चौकटीबाहेर. ती आमच्या वडिलांची, आप्पांची गाडी. आप्पा लॉरीचालक होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी ती जुनी शेव्हरोलेट विकत घेतली, आणि पुढची अकरा वर्षे बेळगावच्या बाजारातून बटाटा, कोबी, मिरची भरून शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, दाणोली या वाटेने सावंतवाडीला उतरत राहिले. येताना नारळ आणि आमसुले येत. पावसाळ्यात आंबोलीचा घाट म्हणजे काय असतो, हे या सभागृहात बहुतेकांना ठाऊक आहे.

ही मालिका शेव्हरोलेटने १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आणली. सहा सिलिंडरांचे २१६ घनइंची इंजिन, दोन आसांमधले अंतर ११६ इंच, म्हणजे माझ्या टेबलावर ११८ मिलिमीटर. त्या वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारी हीच मालवाहू गाडी होती. जनरल मोटर्सची मुंबईत शिवडीला १९२८ पासून जुळणीशाळा होती आणि ती १९५४ साली बंद झाली. आप्पा आपल्या गाडीला 'शिवडीची' म्हणत, त्याचा अर्थ मला एवढ्या वर्षांनी कळला.

संच उघडला आणि मी सुरुवातीलाच अडलो. खोक्यावर १९५० असे वर्ष होते. आप्पांची गाडी कोणत्या वर्षाची? गाडी गेली, कागद गेले, आप्पा १९८१ साली गेले. मी विचार केला, एखाद्या पोथीवर लेखनकाल नसेल तर आपण काय करतो? अंतर्गत पुरावा पाहतो. पण इथे पोथीच उरलेली नाही. मग लीळाचरित्राची आठवण झाली. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा कशा मिळवल्या? ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे स्वतः जाऊन, एकेकाला विचारून. आणि मूळ प्रत नाहीशी झाल्यावर परंपरेने तो ग्रंथ पुन्हा उभा केला तोही स्मरणातूनच. त्या ग्रंथाच्या पाठभेदांवर मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले होते. आता स्वतःच्या घरातला पाठ जमवायची वेळ आली.

अक्का शहापुरात राहते. वय ब्याऐंशी. मी वही घेऊन तिच्यासमोर बसलो. "गाडीच्या दाराची काच कशी होती?" असे विचारले तर म्हणाली, "मोठी काच खाली जायची, आणि पुढं एक तिकोनी काच होती की रे. आप्पा ती ढकलून बिडीची राख बाहेर टाकायचे." श्रोतेहो, शेव्हरोलेटच्या या मालिकेत दाराला ती त्रिकोणी काच १९५१ मध्ये आली. १९५० च्या गाडीला ती नाही. म्हणजे खोक्यातली गाडी आप्पांची नव्हे, तिच्या नंतरची आप्पांची. मग विचारले, "समोरची काच एक होती की दोन?" उत्तर आले, "दोन. मधल्या पट्टीवर विठोबाची तसबीर होती." एकसंध काच १९५४ मध्ये आली. म्हणजे १९५१ ते १९५३. शेवटी दाराच्या कडीविषयी विचारले. तिने काही न बोलता हवेत अंगठा दाबून दाखवला. अंगठ्याने दाबायची कडी १९५२ पासून आली, त्याआधी मूठ खाली पिळावी लागे. ब्याऐंशी वर्षांच्या एका अंगठ्याने गाडीचा काळ १९५२-५३ वर आणून ठेवला. विद्यापीठात इतका स्वच्छ पुरावा मला क्वचितच मिळाला होता.

आणि या सगळ्या प्रश्नांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती सांगताना आजही संकोच वाटतो. मी आप्पांचा मुलगा. तेरा-चौदा वर्षे ती गाडी आमच्या दारात रोज उभी असे. यांतली एकही खूण मला सांगता आली नाही. मी त्या गाडीकडे कधी पाहिलेच नव्हते.

*

आता कामाकडे वळतो. अमेरिकेतील गाडीचे चालकचक्र डावीकडे असते, आपले उजवीकडे. म्हणून समोरचा फलक बारीक करवतीने तीन तुकड्यांत कापला. मापकांचा तुकडा उजवीकडे नेला, छोट्या कप्प्याचा तुकडा डावीकडे आणला, मधला जागेवर ठेवला. फटींत लांबी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून काढली. चक्राचा दांडा, पायाखालचे तिन्ही खटके आणि खाली सांगाड्यावरची चक्राची पेटी, सारे उजवीकडे हलवले. त्रिकोणी काचेची उभी पट्टी करण्यासाठी संचाच्याच चौकटीतली एक प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरून मऊ केली आणि ओढली. ती केसासारखी बारीक होते, तिचा तुकडा काचेवर चिकटवला. मला कंप आहे. हे काम सकाळी चहाच्या आधीच जमे.

चुकाही झाल्या. घाई करून मी बाजारातला मोटारीला मारायचा फवारा रंग बॉनेटवर मारला. त्यातल्या थिनरने प्लॅस्टिक खाल्ले आणि बॉनेटभर भेगांचे जाळे उमटले. उन्हाळ्यात तळे आटल्यावर दिसते तसे. महिनाभर ते घासत बसलो. वर अस्तराचा रंग दिला, पण उजेडात तिरके धरले तर डाव्या बाजूला एक रेघ अजून दिसते. ती तशीच ठेवली आहे.

सर्वांत मोठा बदल मागच्या भागात आहे. संचात गाडीची मागची पेटी पत्र्याची आहे. आप्पांच्या गाडीला तशी पेटी नव्हती. त्या काळी आपल्याकडे कित्येक गाड्यांवर मागचा भाग इथलेच सुतार बांधत. आप्पांच्या गाडीचे नाक अमेरिकेतील आराखड्याचे, जुळणी शिवडीची आणि मागचा हौदा बेळगावच्या सुताराने बांधलेला. म्हणजे माझी प्रतिकृती होण्यापूर्वीच मूळ गाडी बदललेली होती. तिकडे गाडी बदलतात ती हौसेने, इकडे बदलली ती पोटासाठी. तिकडच्या हौशी मंडळींना गाडी खाली बसलेली आवडते. आप्पांनी मागच्या कमानीत दोन पाटे वाढवून घेतले होते, कारण भरलेल्या गाडीने घाटात बूड टेकू नये. म्हणून रिकामी असताना ती मागून जरा उचललेली दिसे, नमस्काराला वाकल्यासारखी. या प्रतिकृतीत तो उचललेला भाग आणण्यासाठी मी प्रत्येक कमानीखाली प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या वाढवल्या आहेत.

हौद्यासाठी प्रथम खरे सागवान आणले. ओळखीच्या सुताराने हौसेने पातळ पापुद्रे काढून दिले. पण सागाचे रेषे या प्रमाणात दोरखंडासारखे दिसू लागले. शेवटी आइस्क्रीमच्या काड्या उपयोगी पडल्या. एक इंची फळी म्हणजे एक मिलिमीटर, तेवढ्या जाडीपर्यंत त्या घासल्या आणि चहाच्या पाण्यात रंगवल्या.

इथे माझ्यातल्या भाषेच्या शिक्षकाला थोडी सवलत द्यावी. हे काम करताना मी गॅरेजमधून पुष्कळ शब्द उचलले. हौदा, फाळका, पाटा, कमान, टप, लांबी, अस्तर. ट्रकच्या मागच्या पेटीला आपण हौदा म्हणतो, तो हत्तीच्या पाठीवरचा हौदा. शब्द मुळात अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला, राजेरजवाड्यांना घेऊन हत्तीवर बसला, आणि हत्ती गेल्यावर बटाट्याची पोती घेऊन लॉरीवर बसला. कोणत्याही परिभाषा समितीने हे केले नाही. हमाल, क्लीनर आणि सुतार यांनी केले. आम्ही प्राध्यापक मंडळी मराठीच्या भवितव्याची चिंता करीत असतो, तेव्हा आप्पांसारखी माणसे नवी वस्तू घरी आणून तिला मराठी नाव देऊन मोकळी होत होती. त्यांच्याकडून मी एकही शब्द शिकलो नाही, कारण मी विचारला नाही.

मागच्या फाळक्यावर काहीतरी लिहिलेले असे. अक्का म्हणते, 'आई' असे होते. धाकटा भाऊ म्हणतो, 'आंबाबाई प्रसन्न'. दोघेही ठाम आहेत. तिसरा साक्षीदार नाही. पाठ अनिश्चित असेल तर संपादकाने स्वतःच्या पदरचा शब्द घालू नये, असे मी आयुष्यभर सांगत आलो. म्हणून हा फाळका कोरा आहे.

*

श्रोतेहो, आता ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला, तिथे येतो. हौद्याची मापे मला कोठून मिळाली, हे मी अजून सांगितलेले नाही.

मी नववीत होतो, वर्ष १९६३. स्नेहसंमेलनासाठी शाळेतील बाक गावातल्या सभागृहात न्यायचे होते. गुरुजींनी गाडी ठरवली. ती शाळेच्या आवारात आली आणि मी पाहतो तो आप्पा. खाकी सदरा, खांद्यावर टॉवेल, हाताला ग्रीस. माझे सोबती वकिलांची, मामलेदारांची, व्यापाऱ्यांची मुले. शाळेच्या अर्जावर वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात मी 'व्यापार' असे लिहिले होते. आप्पांनी मला पाहिले आणि ते हसले. शेजारच्या मुलाने विचारले, "कोण रे ते? तुझ्याकडे बघून हसले." मी म्हणालो, "आमच्या गल्लीतले आहेत."

आप्पा चार पावलांवर होते. त्यांनी तोंड फिरवले आणि ते फाळक्याच्या खिळी काढू लागले.

गुरुजी टेप घेऊन आले. आप्पा त्यांना म्हणाले, "गुरुजी, मोजायला कशाला? बसतील की." गुरुजी म्हणाले, "मालक, मुले बघत आहेत. मोजूनच घालू." मग त्यांनी एवढ्या मुलांतून मलाच हाक मारली. "इकडे ये. दुसरे टोक धर." मी हौद्यात चढलो. एका टोकाला मी, एका टोकाला गुरुजी, आणि मधे टेप लोंबू नये म्हणून हाताचा आधार देऊन आप्पा. लांबी सात फूट, रुंदी पाच फूट, उंची दीड फूट. गुरुजींनी वहीत लिहिले. मग सहज विचारावे तसे ते म्हणाले, "गाडी कोणाची म्हणून लिहू?"

मी गप्प उभा होतो. आप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. माझ्यासाठी ते थांबले होते, हे मला त्या वेळीही कळले होते. मग तेच म्हणाले, "लिहा की गुरुजी, बेळगावची."

त्यांनी माझी सुटका केली. त्याविषयी ते घरी कधीही बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढच्या अठरा वर्षांत नाही. मीही बोललो नाही. बोलण्याला मुहूर्त लागत नाही, हे समजायला मला फार उशीर झाला.

पुढच्या सत्रात गुरुजींनी वर्गाला काम दिले. आपल्या परिचयातले एखादे वाहन मोजून त्याची लाकडी प्रतिकृती करावी. कोणी टांगा केला, कोणी सायकल, कोणी बैलगाडी. मी पालखी केली, नक्षीदार, झालरीसकट. गुरुजींनी ती हातात घेऊन निरखली आणि म्हणाले, "सुबक आहे. पण तू पालखीत कधी बसला होतास?" वर्ग हसला. मग त्यांनी खालच्या आवाजात, मला एकट्याला ऐकू येईल असे म्हटले, "मोजलेली वस्तू अजून राहिली आहे. केव्हाही आण."

गुण त्यांनी दिले होते, चांगलेच दिले होते. मला आठवतात ते गुण नव्हेत. 'केव्हाही' हा शब्द आठवतो.

*

मित्रहो, प्रतिकृती करणे म्हणजे काय, याचे मला सापडलेले उत्तर साधे आहे. ते एक सक्तीचे पाहणे आहे. पुस्तक आपण डोळे मिटूनही वाचू शकतो, म्हणजे पाने उलटतात आणि मन दुसरीकडे असते. पण दाराची कडी मिलिमीटरमध्ये करायची असेल, तर कडी कशी होती, ती कोणत्या बोटाने दाबली जाई, हे माहीत असल्यावाचून हात पुढे जात नाही. बदल करायचा झाला तरी आधी मूळ ठाऊक हवे. हे मी हस्तलिखितांच्या बाबतीत जाणत होतो. माणसांच्या बाबतीत जाणत नव्हतो. म्हाइंभटांच्या चिकाटीची थोरवी मी वर्गात गाइली, आणि माझ्या घरचा चरित्रनायक समोर जेवत असताना त्याला एक प्रश्न विचारला नाही.

शाळेला माझी एक विनंती आहे. हस्तव्यवसायाचा तास जिथे असेल तिथे तो परीक्षेच्या काळातही राखावा, आणि मुलांना दरवर्षी एक वस्तू मोजायला सांगावी. आपल्या घरातली, आई-वडिलांच्या रोजच्या कामातली. शिवणयंत्र असो, वजनकाटा असो, भाजीची हातगाडी असो, नाहीतर बँकेतला संगणक असो. मोजताना मुलाला प्रश्न विचारावे लागतील आणि आई-बापांना उत्तरे द्यावी लागतील. त्या निमित्ताने दोघे एकाच टेपची दोन टोके धरतील. एवढे झाले तरी त्या तासाचे चीज होईल. विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की अर्जावर वडिलांचा आणि आईचा धंदा खरा लिहा. खोडायला पुढे फार कष्ट पडतात.

ही गाडी मी आज शाळेच्या स्वाधीन करतो. मुख्याध्यापकांनी ती हस्तव्यवसायाच्या कपाटात ठेवण्याचे मान्य केले आहे. तिच्यासोबत एक पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे. त्यावर लिहिलेले वाचतो आणि थांबतो.

"शेव्हरोलेट मालमोटार, १९५२-५३. प्रमाण एकास पंचवीस. हौद्याचे माप गुरुजींनी या आवारात घेतले. बॉनेटवरील रेघ करणाऱ्याच्या चुकीची. फाळक्यावरील अक्षरे अनिश्चित. गाडी माझ्या वडिलांची."